जॅक हॅरिसन : मैदानावरचा आणि रणांगणावरचा वीर



उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांतली मुले शाळेतून 'रग्बी लीग' हा शब्द घरी घेऊन येतात. हा खेळ रग्बीपासून वेगळा का झाला, याचे कारण पोटापाण्याचे आहे. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यामुळे शनिवारचा रोज बुडत असे. त्याची भरपाई द्यायला जुनी संघटना तयार नव्हती. म्हणून १८९५ साली हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागले, तरी बहुतेकांना दुसरी नोकरी करावीच लागे. अशाच एका खेळाडूची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

जॅक हॅरिसन यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९० रोजी हल या बंदराच्या शहरात झाला. यॉर्कच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि तेथेच यॉर्क क्लबकडून खेळायला सुरुवात केली. हलला परत आल्यावर ते आठवडाभर लाइम स्ट्रीटच्या शाळेत मुलांना शिकवत आणि शनिवारी हल एफसीकडून मैदानात उतरत. ते विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू होते. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. १९१३-१४ च्या एकाच हंगामात त्यांनी असे ५२ ट्राय केले. क्लबचा हा विक्रम शंभराहून अधिक वर्षे झाली तरी अबाधित आहे. त्याच हंगामात हलने वेकफील्डला ६-० असे हरवून चॅलेंज कप जिंकला. त्यातला एक ट्राय हॅरिसन यांचा होता. क्लबसाठी ११६ सामन्यांत १०६ ट्राय, असा त्यांचा हिशोब आहे.

१९१४ मध्ये लिलियन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. नोव्हेंबर १९१५ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि पुढच्या वर्षी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या ११ व्या बटालियनमध्ये अधिकारी झाले. ही हलच्या कारागिरांची पलटण होती, त्यामुळे आपल्याच गावची माणसे त्यांच्या हाताखाली होती. १९१७ च्या सुरुवातीला गस्तीवर दाखवलेल्या धैर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

३ मे १९१७ च्या पहाटे फ्रान्समध्ये ऑपी येथे हल्ला झाला. अंधार, धूर, न तुटलेली काटेरी तार आणि समोर मशीनगन. पहिली चढाई फसली. हॅरिसन यांनी गोळीबारातच माणसे पुन्हा गोळा केली आणि दुसऱ्यांदा चढाई केली. तीही अडली, तेव्हा आपली माणसे वाचावीत म्हणून ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. ते परत आले नाहीत आणि त्यांचा देहही सापडला नाही. वय अवघे २६. आरासच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. १९१८ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजे पाचवे जॉर्ज यांच्याकडून लिलियनबाईंनी तो स्वीकारला.

त्यांच्या मागे एक लहान मुलगा होता, त्याचेही नाव जॅकच. त्याच्या शिक्षणासाठी हलकरांनी निधी उभारला. मुलगा शिकला आणि सैन्यात कॅप्टन झाला. १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईत तोही मारला गेला. एकाच स्त्रीने आधी नवरा आणि मग मुलगा गमावला. शौर्यपदकांच्या यादीत हा हिशोब कुठेच लिहिलेला नसतो.

हे वाचताना आम्हाला रायगडच्या यशवंत घाडगे यांची आठवण झाली. १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नाईक इटलीत असेच एकटे मशीनगनवर धावून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. हॅरिसन यांचे स्मारक हलच्या स्टेडियमबाहेर आहे. सामन्याला गेलात तर मुलांना तेथे क्षणभर थांबवा आणि ही दोन्ही नावे सांगा.

दोघांनाही आमचे विनम्र अभिवादन!