प्रवाहाबरोबर वाहायला शिकविणारा दर्यावर्दी

सागरतळीचे प्रवाळवैभव पाहण्याची सर्वांत कमी श्रमाची रीत म्हणजे प्रवाहाशी न झगडता त्याच्याबरोबर वाहत जाणे. इजिप्तमधील सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, रास मोहम्मद येथे, जगभरचे पर्यटक याच रीतीने प्रवाळांच्या उभ्या भिंती न्याहाळतात. ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ असे तिचे नाव. पाय फारसे मारावे लागत नाहीत, म्हणून टाकीतील हवा अधिक वेळ पुरते. बोट बुडबुड्यांचा माग काढत येते, त्यामुळे उलट पोहत परतावे लागत नाही. माणसाला पाण्याखाली हे स्वातंत्र्य मिळवून देण्याचे मोठे श्रेय जॅक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याकडे जाते.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. त्यांना वैमानिक व्हायचे होते. परंतु १९३६ मधील मोटार अपघातात दोन्ही हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न भंगले. हातांना बळ यावे म्हणून ते तुलाँच्या किनाऱ्यावर पोहू लागले. पाण्यात वापरायचा चष्मा डोळ्यांवर चढला आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

त्या काळी पाणबुड्या म्हणजे धातूचे शिरस्त्राण आणि शिशाचे जोडे घालून, बोटीला जोडलेल्या नळीच्या आधाराने तळाशी चालणारा माणूस. १९४३ मध्ये कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले. श्वास घेताच हवे तेवढीच हवा देणाऱ्या या झडपेमुळे नळी सुटली. पाणबुड्या माशासारखा तरंगू लागला.

१९५० मध्ये ‘कॅलिप्सो’ ही जुनी सुरुंगशोधक नौका नाममात्र भाड्याने मिळाली आणि तांबड्या समुद्राच्या मोहिमा सुरू झाल्या. त्यातून साकारलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पुढे ऑस्करही लाभले. मात्र याच चित्रपटात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळभिंतीपाशी सुरुंग उडविल्याचे दृश्य आहे. घट्ट बांध्याचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. एका स्फोटाने किती वर्षांची वाढ नष्ट होते, याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

पुढे कुस्तो बदलले. किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या योजनेला त्यांनी १९६० मध्ये विरोध केला. १९७३ मध्ये सागररक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९७९ मध्ये पुत्र फिलिप यांचा विमान अपघातात मृत्यू झाला, तरीही त्यांचे काम थांबले नाही. अंटार्क्टिकात खाणी नकोत, यासाठी उतारवयात त्यांनी जनमत जागविले. १९९१ मध्ये तसा आंतरराष्ट्रीय करार झाला.

१९९६ मध्ये ‘कॅलिप्सो’ सिंगापूरमध्ये अपघातात बुडाली आणि २५ जून १९९७ रोजी कुस्तो यांनी पॅरिसमध्ये जगाचा निरोप घेतला.

त्यांनी दिलेल्या साधनाने समुद्र सर्वांना खुला झाला, तशी प्रवाळांची जबाबदारीही सर्वांवर आली. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्यांच्या बोटीला प्रवाळांवर नांगर टाकावा लागत नाही. प्रवाहाचा वेग ओळखणारा वाटाड्या सोबत असावा, सोबत्यांपासून दूर जाऊ नये आणि हात आवरावेत, एवढे पाळले की प्रवाळांना धक्का न लावता ते पाहता येतात. सुरुंगाच्या त्या दृश्यापासून या संयमापर्यंतचा प्रवास हाच कुस्तो यांच्या जीवनाचा खरा धडा आहे.