न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : समाजात राहून वेगळे मत

वाचकहो, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुने बोरीबंदर स्थानक, येथे आपण उतरलात तर रस्त्यापलीकडे घुमट-कमानींची एक देखणी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. १८७४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला दीडशे वर्षे उलटून गेली. तिच्या संस्थापकांपैकी एक प्रमुख पुरुष म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. शिक्षणाच्या कार्यामुळे त्यांचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहेच. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. सारा समाज एका दिशेने चालला असता, समाजाशी नाते न तोडता, वेगळे मत कसे धरावे याचा तो वस्तुपाठ आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे खंबायतकडील सुलेमानी बोहरा घराण्यातले व्यापारी. इंग्रजी विद्या शिकला की मुलगा दीनातून गेला, अशी समजूत त्या काळी पुष्कळांची होती. तय्यब अलींनी मात्र लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मुलांना विलायतेस शिकावयास पाठविले. बद्रुद्दीन यांनी आधी मदरशात उर्दू-फारसी घेतली, मग एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी. १८६० साली ते इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परत यावे लागले. तरी पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. वेगळी वाट धरण्याचे धैर्य त्यांना घरातूनच मिळाले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

वकिलीत जम बसल्यावर त्यांनी समाजाच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतील धनिक नाखुदा मोहम्मद अली रोगे इत्यादी मंडळींच्या सहकार्याने अंजुमन उभी राहिली आणि १८८० साली तिची शाळा सुरू झाली. पुढे फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान असे हे तिघे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ मानले जात.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, तिकडे वळू. डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. पहिल्या अधिवेशनास अवघे ७२ प्रतिनिधी होते. मद्रासला ते ६०७ झाले. अध्यक्षस्थानी बद्रुद्दीन तय्यबजी होते. काँग्रेसचे हे पहिले मुसलमान अध्यक्ष. आणि त्याच आठवड्यात लखनौ येथे सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे जाहीर भाषण केले.

वाचकहो, या विरोधाचे वजन नीट ध्यानात घ्या. सर सय्यद म्हणजे अलीगढच्या कॉलेजचे जनक. मुसलमानांच्या तालीमीसाठी त्यांनी स्वतः निंदा सोसली होती, फतवे अंगावर घेतले होते. त्यांची भीतीही पोकळ नव्हती. १८५७ नंतर मुसलमानांवर सरकारची जी वक्रदृष्टी झाली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुन्हा राजकारणात पडून ती ओढवून घेऊ नये, असे त्यांना वाटे. निवडणुकीचे तत्त्व आले तर संख्येने थोड्या आणि शिक्षणात मागे पडलेल्या समाजाचा आवाज दबून जाईल, हीही चिंता होती. कलकत्त्याचे सय्यद अमीर अली आणि नवाब अब्दुल लतीफ हेदेखील काँग्रेसपासून दूर राहिले. म्हणजे देशातील जवळजवळ सारे वजनदार मुसलमान नेते एका बाजूस, आणि तय्यबजी दुसऱ्या बाजूस.

अशा वेळी माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, मुकाट्याने मोठ्यांच्या मागे जावे. दुसरी, चिडून समाजाला नावे ठेवावीत आणि परक्यांची वाहवा घ्यावी. तय्यबजींनी दोन्ही टाळल्या. १८८८ च्या आरंभी त्यांनी या तिन्ही नेत्यांना पत्रे लिहिली. त्यांत कोठे आदर सुटला नाही, आणि मुद्दाही सोडला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कर, न्याय, सरकारी नोकऱ्या, कायदेमंडळे हे प्रश्न सर्व हिंदी लोकांचे सारखे आहेत, त्यांसाठी सर्वांनी एकत्र यावे. जेथे मुसलमानांचे हित वेगळे असेल, तेथे ते आत बसून सांभाळावे. बाहेर राहून ते कसे सांभाळले जाणार? त्यांच्या या आग्रहाचे फळ पुढे दिसले. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने नियम केला की, ज्या विषयाला हिंदू अथवा मुसलमान प्रतिनिधी एकमताने किंवा जवळजवळ एकमताने हरकत घेतील, तो विषय चर्चेला घेऊ नये.

पण कथा येथे संपत नाही. वर्षभर पत्रव्यवहार करूनही बहुसंख्य मुसलमानांचे मत बदलेना. तेव्हा ऑक्टोबर १८८८ मध्ये तय्यबजींनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम यांना स्पष्ट कळविले की, मुसलमान समाजाचा मोठा भाग आपल्याबरोबर नाही ही वस्तुस्थिती आहे, तेव्हा काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे तहकूब ठेवावीत. हा सल्ला सहकाऱ्यांना पटला नाही आणि काँग्रेस चालू राहिली. इतिहासाकडे पाहता त्यांचा हा सल्ला चुकीचा होता, असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्यास जागाही आहे. परंतु जरा विचार करा. ज्या मंडपात आपल्या नावाचा जयजयकार झाला, त्याच मंडळींना वर्षाच्या आत नको असलेली गोष्ट सांगणे किती कठीण! स्वतःच्या समाजाच्या गर्दीपुढे न झुकणारा माणूस नव्या मित्रांच्या गर्दीपुढेही झुकला नाही.

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी त्यांच्यापुढे मोठा कसोटीचा प्रसंग आला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. सरकार आणि इंग्रजी वर्तमानपत्रे संतापून गेली होती. पुढच्या महिन्यात केसरीतील मजकुरासाठी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढेही तो मिळाला नाही. मग अर्ज तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचे व त्यांचे राजकारण एक नव्हते. चार वर्षांपूर्वीच, १८९३ साली, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झालेला होता आणि मने अद्याप कलुषित होती. पण जामीन म्हणजे दोषमुक्ती नव्हे. आरोपी खटल्याला हजर राहावा आणि त्याला आपला बचाव तयार करता यावा, एवढाच त्याचा हेतू. आरोपी कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, सरकारची मर्जी कोणीकडे, याला त्या तराजूत जागा नाही. न्यायमूर्तींनी ती दिली नाही. पुढे खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ही गोष्ट वेगळी.

घरच्या बाबतीतही त्यांनी बोलण्याप्रमाणे आचरण ठेवले. मुलींना शाळेत घालणे घराण्याला बट्टा समजले जाई अशा काळात त्यांनी आपल्या मुलींना मुंबईत शाळेत घातले, आणि १९०४ साली दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. पडद्याची चाल जितकी कडक झाली आहे तितकी धर्माने सांगितलेली नाही, हे मत त्यांनी लपविले नाही.

वाचकहो, या वेगळ्या मतांबद्दल समाजाने त्यांना दूर लोटले काय? उत्तर १९०३ साली मिळाले. सर सय्यद यांनीच सुरू केलेली मुस्लिम शिक्षण परिषद त्या वर्षी मुंबईत भरली आणि तिचे अध्यक्षपद तय्यबजींना देण्यात आले. सर सय्यद १८९८ सालीच निवर्तले होते. काँग्रेसविषयीचा मतभेद कायम होता. तरी तालीमीच्या कामात दोन्ही वाटा एकत्र आल्या. तत्पूर्वी १८९६ साली मुंबईचेच रहिमतुल्ला सयानी काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. एकाने पाडलेली पायवाट दुसऱ्याच्या उपयोगी पडते, ती अशी. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे तय्यबजींचे निधन झाले.

आपल्या संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींना हे चरित्र सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. चारचौघांविरुद्ध बोलले की स्वतंत्र बुद्धी सिद्ध होते, असे नाही. तय्यबजींनी आधी अभ्यास केला, विरोधकाचे म्हणणे समजून घेतले, मग मत बनविले. आणि मत बनल्यावर त्यासाठी एकटे उभे राहण्याची तयारी ठेवली. मतभेद झाला म्हणून अंजुमनचे काम त्यांनी एक दिवसही टाकले नाही. मोहल्ल्यात, जमातीत, मित्रमंडळींत सगळे एक बोलत असतील आणि आपले मन दुसरे सांगत असेल, अशी वेळ आपणा प्रत्येकावर येते. तेव्हा बोरीबंदरासमोरची ती इमारत आठवावी. ज्याचे मत लोकांना पटले नाही, त्यानेच त्या लोकांच्या मुलांसाठी ती उभी करण्यात आयुष्य वेचले.