शंभरी पाहिलेले अण्णा

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) १०४ वर्षे जगले. पण आम्हांस त्यांच्या पायांचेच नवल अधिक वाटते. विद्यार्थीदशेत परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यास सुमारे ११० मैल पायी गेले, आणि लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसूच दिले नाही! पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते हिंगण्याच्या आश्रमाकडे, विधवा भगिनींसाठी, चिखल तुडवीत जात. पत्नी आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या. १९२९ साली, सत्तरी गाठल्यावर, ते जगप्रवासास निघाले. (आपल्यातील कित्येकांना साठीतच मंदिराची पायरी जड होते.) १९३६ साली, ७८व्या वर्षी, खेड्यांतील शाळांसाठी मंडळ काढून ते वर्गणीकरिता दारोदार फिरू लागले. १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा वय शंभर होते.