गळवाले विरुद्ध जाळीवाले : दीडशे वर्षांपूर्वी देशभरातल्या माशांचा हिशोब मांडणारा डॉक्टर फ्रान्सिस डे

पहिला मोठा पाऊस झाला की कल्याण, मुरबाड, शहापूरच्या पट्ट्यात एकच प्रश्न असतो, वलगण लागली का? नदी-ओढ्यातले मासे अंडी घालायला उलट्या पाण्याने भातखाचरांकडे चढतात आणि लोक रात्री बॅटऱ्या घेऊन ते पकडायला निघतात. पोटात अंडी असलेला हा मासा चवीला एक नंबर. पण तोच मासा खाल्ला तर पुढच्या वर्षी मासा येणार कुठून?

इकडे तलावांचं शहर असलेल्या ठाण्यातही वाद असतोच. कुणी हौस म्हणून गळ टाकतं, कुणाचं घर जाळ्यावर चालतं. मासे कमी झाले की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. मग मर्यादा घालायची तर कुणावर आणि किती?

हा प्रश्न आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने तो अख्ख्या देशासाठी विचारला होता. त्याचं नाव फ्रान्सिस डे.

डेचा जन्म १८२९ सालचा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. शिक्षण डॉक्टरकीचं. १८५२ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत सहाय्यक सर्जन म्हणून भारतात आला. काम होतं सैनिकांवर उपचार करायचं, पण जीव रमला माशांमध्ये. कोचीनला बदली झाल्यावर तर त्याला खजिनाच सापडला. बाजारात येणारा प्रत्येक मासा तो बघायचा, मोजायचा, नोंदवून ठेवायचा. १८६५ मध्ये त्याचं मलबारच्या माशांवरचं पुस्तक आलं.

गंमत म्हणजे सुरुवातीला डे स्वतः गळवाल्यांच्या बाजूचा वाटावा असं काम करत होता. निलगिरीच्या थंड पाण्यात इंग्लंडचा ट्राउट मासा आणून सोडायचा प्रयत्न त्याने केला. ट्राउट म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या साहेबांचा जीव की प्राण. पण एवढ्या लांबच्या प्रवासात अंडी टिकली नाहीत आणि तो प्रयत्न फसला.

१८७१ मध्ये सरकारने त्याला मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल केलं. प्रश्न सरळ होता. देशातल्या नद्या-तलावांमधले मासे खरंच कमी होतायत का, आणि होत असतील तर का?

डेने काय केलं? नियम सुचवायच्या आधी विचारपूस केली. वेगवेगळ्या प्रांतांतल्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले. बाजारात मासा पुरेसा येतो का? जाळ्याचा आस, म्हणजे दोन गाठींमधलं भोक, केवढा आहे? मासेमारी हाच धंदा असलेले किती आणि शेती सांभाळून मासे धरणारे किती? १८७३ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवर त्याचा मोठा अहवाल छापला गेला.

त्यात निघालेल्या गोष्टी आजही ओळखीच्या वाटतील. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लंही अडकत होती. पावसाळ्यात शेताच्या बांधांवर सापळे लावून अंडी घालायला चढणारे मासे संपवले जात होते. पाण्यात विष कालवून एका झटक्यात अख्खा डोह रिकामा केला जात होता. डेने सरकारलाही सोडलं नाही. पाटबंधाऱ्यांमुळे माशांचा वर जायचा रस्ता बंद होतो, तिथे माशांसाठी वाट ठेवा, असं त्याने मांडलं.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा होता. पूर्वी अनेक ठिकाणी मासेमारीचे हक्क ठरलेले असायचे. इंग्रजी अमलात बऱ्याच जागी पाणी सगळ्यांना खुलं झालं. वरवर पाहता हे गरिबांच्या फायद्याचं. पण पाणी सगळ्यांचं झालं आणि राखायची जबाबदारी कुणाचीच उरली नाही.

डेचा उपाय होता जाळ्याच्या आसाला किमान मर्यादा, विणीच्या काळात संरक्षण आणि विषावर बंदी. पण सरकार कचरलं. मासा हे गरिबाचं अन्न आहे आणि जाळं हे पोटापाण्याचं साधन आहे. कायदा केला तर त्याचा पहिला फटका मासेमार जमातींना बसणार, ही भीती खोटी नव्हती. त्यात १८७३ मध्येच हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक आलं. लहान मासे मारू नका असं थॉमसही सांगत होता. त्यामुळे एक शंका उरायचीच, की मासे वाचवायचे ते बाजारासाठी की साहेबाच्या गळासाठी?

डेच्या मायदेशात याचं एक उत्तर होतं. १८६१ च्या सामन कायद्यात जाळ्यांसाठी आणि गळासाठी बंदीचा काळ वेगवेगळा होता. कारण दोघांमुळे होणारं नुकसानही वेगळं. बारीक जाळं पिल्लं संपवतं. गळवाला एका वेळी एकच मासा काढतो, पण त्याला हवा असतो सगळ्यात मोठा. आणि मोठी मादीच सर्वात जास्त अंडी देते. म्हणून जाळ्याला आसाची मर्यादा लागते, तर गळाला संख्येची आणि आकाराची.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर डे इंग्लंडला परतला. भारतातल्या माशांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ दरम्यान भागांमध्ये आला. ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट गुंथर यांच्याशी त्याचं कधी जमलं नाही. त्यामुळे त्याच्या संग्रहातला मोठा हिस्सा १८८३ मध्ये थेट सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला गेला. १८८९ मध्ये त्याने ब्रिटिश भारतातल्या १,४०० हून अधिक जातींची माहिती देणारे दोन खंड पूर्ण केले. त्याच वर्षी १० जुलैला चेल्टनहॅममध्ये कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला.

त्याने मागितलेला कायदा त्याला बघायला मिळाला नाही. तो आला ८ वर्षांनी, १८९७ मध्ये. या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरवलं. जाळ्याचा प्रकार आणि आस ठरवायचा, तसंच एखाद्या पाण्यात जास्तीत जास्त २ वर्षं मासेमारी बंद ठेवायचा अधिकार प्रांतांना मिळाला.

डेच्या काळानंतर पाण्यातले मासेही बदलले. १९५२ मध्ये तिलापिया भारतात आला आणि अनेक तलावांत पसरला. अशा तलावात सगळ्या माशांना एकच मर्यादा लावून चालत नाही. तिलापिया भरपूर काढावा लागतो आणि स्थानिक मासा राखावा लागतो. सह्याद्रीतला खडशी म्हणजे दख्खनचा महासीर याचं उदाहरण आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास करून पिल्लं ठिकठिकाणी सोडली, पण सोडलेली पिल्लं मोठी व्हायच्या आधीच काढली तर सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून उपवन असो, मासुंदा असो की कल्याणचा काळा तलाव, गळवाले आणि जाळीवाले यांच्यात मर्यादा वाटायच्या तर आधी पाण्यात कोणता मासा किती आहे हे मोजायला हवं. आणि सगळ्यात कडक नियम ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न नाही त्याच्याच वाट्याला येत नाही ना, हेही बघायला हवं. डेच्या अहवालाला घाबरून सरकार २४ वर्षं थांबलं होतं. विणीला चढलेला मासा मात्र कायद्यासाठी थांबत नाही.