माणिकबागेतील खुर्च्या

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात आता केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आहे. तेथे फायली चाळणाऱ्या कारकुनास आपण कोणाच्या दालनात बसलो आहोत याची कल्पना असेलच असे नाही. एकेकाळी या वास्तूचा आराखडा, दिवे आणि कित्येक आसने एकाच तरुण जर्मन शिल्पकाराच्या कल्पनेतून उतरली होती.

एकार्ट मुथेसियस यांचा जन्म १९०४ साली बर्लिनमध्ये झाला. वडील हेरमान हे नामांकित वास्तुविशारद. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या वेर्कबुंड या कलावंत व कारखानदारांच्या संघाचे आद्य प्रवर्तक. यंत्राने घडविलेली नित्याची वस्तूही सुबक असावी, हा त्या संघाचा आग्रह मुलाला घरातच मिळाला.

नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांताला लागूनच होळकरांचे संस्थान. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या यशवंतराव होळकरांशी मुथेसियस यांचा स्नेह जुळला आणि १९३० मध्ये माणिकबागेचे काम सुरू झाले. राजे विशीतले, शिल्पी पंचविशीतला. झुंबरे, महिरपी आणि सोनेरी सिंहासने यांना फाटा देण्याचे धाडस कदाचित त्यामुळेच झाले. ग्रंथालयासाठी त्यांनी लाल आवरणाच्या खुर्च्या योजिल्या, वाचनाचे दिवे पाठीतच बसविलेल्या. वाचकाला उजेड शोधत फिरावे लागू नये, एवढा साधा विचार! शिवाय वातानुकूलन होते, पॅरिसच्या रूलमान व आयलीन ग्रे यांच्या वस्तूही होत्या.

परंतु सर्वांच्या घरासाठी जन्मलेला विचार येथे एका राजवाड्यातच अडकला. बरेचसे सामान जर्मनीतून जहाजाने आले. माळव्यातील सुताराच्या हाताला त्यातून काय गवसणार? पुढे चंडीगढमध्ये पिएर जानरे यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या तेथील कारागिरांकडून घडवून कचेऱ्यांत नेल्या. तो मार्ग मुथेसियस यांना लाभला नाही.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे निवर्तल्या, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६१ मध्ये यशवंतरावही गेले. मुथेसियस युद्धानंतर बर्लिनमध्येच वास्तुव्यवसाय करीत राहिले. १९८० साली माणिकबागेतील सामानाचा मोनाकोत लिलाव झाला, तेव्हा ते हयात होते. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात माणिकबागेतील वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. इंदूरकराला त्या पाहावयाच्या तर परदेशचाच प्रवास करावा लागला.