अडीच इंची रुळावरच्या इंजिनाने माणूस ओढून दाखवणारे ‘एलबीएससी’

दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच इंच. त्यावर धावणारं कोळशाचं इंजिन मोठ्या माणसाला ओढू शकेल?

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या अनेक जाणकारांना हे पटत नव्हतं. एवढ्या लहान मॉडेलला स्पिरिटचा दिवाच बरा, असा समज होता. तो मोडून काढला कर्ली लॉरेन्स (१८८३-१९६७) यांनी. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या आद्याक्षरांवरून त्यांनी ‘एलबीएससी’ हे टोपणनाव घेतलं होतं. १९२०च्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’ साप्ताहिकात यावरून वाद पेटला, तेव्हा त्यांच्या ‘आयेशा’ इंजिनाने कोळशावर चालून माणसं ओढली.

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी लेखांमधून नवशिक्यांना घरच्या घरी इंजिन घडवायला शिकवलं. सुरुवात फ्रेमपासून. पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडायच्या आणि कापणं, कानस मारणं, भोकं पाडणं एकत्रच करायचं. कारण दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या नाहीत, तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि चाकं अडखळतात.

त्यांचं ‘टिच’ हे छोटं इंजिन हौशी कारागीर आजही बनवतात.