विश्लेषण : गणिताची नोकरी न करता गणितज्ञ झालेले कापरेकर कोण? ६१७४ चे कोडे काय?

पडघा परिसरातील गोदामात संगणकावर मालाची नोंद करणारी तरुणी आणि पुण्यात बसून तसेच सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता, दोघांचाही दिवस संगणकासमोर जातो. सरकारी वर्गीकरणात मात्र ते वेगवेगळ्या रकान्यांत मोजले जातात. अशा मोजणीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना गणिताच्या रकान्यात कधीच जागा मिळाली नसती. तरीही त्यांच्या नावाची रीत आज प्रोग्रामिंग शिकणारे सरावासाठी लिहितात. हे कसे घडले?

संगणकीय व गणिती व्यवसाय म्हणजे कोणते?

अमेरिकेच्या व्यवसाय वर्गीकरणात संगणकीय आणि गणिती कामांचा एकच मोठा गट आहे. त्याचा क्रमांक १५. सॉफ्टवेअर लिहिणारे, माहितीचे विश्लेषण करणारे, विमागणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ त्यात येतात. भारतात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ वापरले जाते. त्यात गणितज्ञ, विमागणितज्ञ व संख्याशास्त्रज्ञ २१२ क्रमांकाच्या गटात, माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक २५ मध्ये, तर शिक्षक २३ मध्ये येतात. डेटा एंट्री करणाऱ्यांची नोंद लिपिकांमध्ये होते. थोडक्यात, पगार कोणत्या कामाचा मिळतो त्यावर रकाना ठरतो. संध्याकाळी घरी बसून तुम्ही काय करता, याची नोंद त्यात होत नाही. कापरेकरांचे मोठे काम नेमके या दुसऱ्या प्रकारातले होते.

कापरेकर मूळचे कुठले?

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आज पालघर जिल्ह्यात असलेले डहाणू तेव्हा पडघ्याप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होते. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातली आकडेमोड मुलाला आवडू लागली. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. १९२३ ते १९२७ ही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेली. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचा गणिताचा पुरस्कार मिळाला. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते.

डोंबिवलीचा त्यांच्या गणिताशी काय संबंध?

रेल्वेने जाता-येता स्थानकावर थांबणे हे ठाणे जिल्ह्यातील लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. कापरेकरांना एक कल्पना अशाच एका स्थानकावर सुचली. ते स्थानक डोंबिवली. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरील या स्थानकाच्या डेम्लो या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. त्यातल्या सर्वांत परिचित संख्या फक्त १ हा अंक असलेल्या संख्यांच्या वर्गातून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१.

ज्या संख्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत, त्यांना त्यांनी स्वयंभू संख्या म्हटले. २४ ही स्वयंभू नाही, कारण २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ येतात. २० मात्र अशी कुठूनच येत नाही. या संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. कापरेकर संख्या याहून निराळ्या. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा २९७.

६१७४ ची रीत काय आहे?

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च.

कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन पाहू. १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या. त्यांचे निधन १९८६ मध्ये झाले. ते वर्ष घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते आणि पुढची वाट तीच.

यात संगणकाचे काम कुठले आणि गणितज्ञाचे कुठले?

कापरेकरांनी ही रीत १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टीआयएफआरएसी हा संगणक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. म्हणजे त्यांच्यासमोर होते ते कागद आणि पेन्सिल.

आज फोनवरचा छोटा प्रोग्राम ०००१ ते ९९९८ पर्यंतच्या, चारही अंक सारखे नसलेल्या सर्व ९,९९० संख्या क्षणात तपासतो. गणिताने विचार केला तर एवढे तपासावेच लागत नाही. मोठ्याकडून लहानाकडे मांडलेल्या अंकांतील पहिल्या व शेवटच्या अंकाच्या फरकाला ९९९ ने आणि मधल्या दोन अंकांच्या फरकाला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. हे दोन फरक केवळ ५४ प्रकारांनी येऊ शकतात. म्हणून ५४ उत्तरे तपासली की काम झाले. यंत्र वेगाने मोजते, तर काय मोजायची गरज नाही हे माणूस ठरवतो. चांगल्या प्रोग्रामरकडून हीच अपेक्षा असते.

त्यांची दखल केव्हा घेतली गेली?

उशिरा. ६१७४ वरील त्यांचा लेख १९५५ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला. देशातील अनेक गणितज्ञांना मात्र हे काम किरकोळ वाटे. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून कापरेकर गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधील सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि सत्तरीतल्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले.

आजच्या नोकऱ्यांच्या चर्चेत हे का लक्षात ठेवायचे?

संगणकीय आणि गणिती कामांत किती लोक आहेत, असा आकडा वाचताना तो कोणत्या रकान्यांचा आहे ते आधी पाहावे. त्यात पुढची पिढी घडवणारा गणिताचा शिक्षक नसतो. पडघ्याच्या गोदामात नोंदी करता करता स्वतःहून प्रोग्रामिंग शिकणारी तरुणीही नसते. पद बदलले तरच तिचा रकाना बदलेल. कापरेकरांचा तो कधीच बदलला नाही. पगार, पद आणि निवृत्तिवेतन शेवटपर्यंत शिक्षकाचेच राहिले. स्थिरांकाला मात्र जगाने त्यांचे नाव दिले.